लोड टेस्ट पास झालेल्या क्रेनला तडा गेला, तर काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरजवळच्या एका कंटेनर डेपोत मेंटेनन्स सांभाळणाऱ्या तरुण इंजिनिअरने विचारलंय. त्यांच्याकडे रेलवर चालणारी ४० टनी गॅन्ट्री क्रेन आहे, म्हणजे पायांवर उभा आडवा गर्डर आणि त्यावरून फिरणारी ट्रॉली. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरात ती अनेक वर्षं चालली. मग सेकंडहँड विकत घेऊन, पाय कापून, ट्रेलरवरून इथे आणून पुन्हा उभी केली. मार्चमध्ये लोड टेस्ट झाली, सर्टिफिकेट मिळालं. आणि आता, पाय गर्डरला जिथे मिळतो त्या जोडाजवळ, रंगावर गंजाची एक बारीक रेघ दिसली आहे. ठेकेदार म्हणतो, वरून वेल्ड मारून प्लेट लावू, रंग देऊ, अर्ध्या दिवसाचं काम. मॅनेजरसाहेब म्हणतात, पुन्हा एकदा लोड टेस्ट घ्या, पास झाली तर चालवा. शिवाय त्यांचं असंही म्हणणं आहे की आपण समुद्रापासून इतके लांब, बंदराच्या क्रेनचे नियम आपल्याला कशाला?

बंदरांवरच्या क्रेनच्या स्ट्रक्चरची तपासणी हेच माझं काम आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पण सगळ्यात आधी एक करा: क्रेन थांबवा. स्प्रेडर, म्हणजे कंटेनर धरणारी चौकट, रिकामा करा, ट्रॉली त्या पायापासून लांब, दुसऱ्या पायाकडे नेऊन उभी करा, रेल क्लॅम्प आणि क्रेनला वाऱ्यात जागेवर धरणारी स्टॉर्म पिन लावा, वीज तोडणाऱ्या मेन आयसोलेटरला कुलूप घाला. खालून ट्रक आणि माणसांची ये-जा बंद करा. तडा किती लांब आहे हे कळेपर्यंत तिने एकही कंटेनर उचलायचा नाही. मालगाडीचा रेक लागला आहे, डेमरेज म्हणजे उशिराचा आकार पडेल, हे सगळं खरं आहे, तरीही नाही.

आता लोड टेस्टबद्दल. पुन्हा लोड टेस्ट घेणं हा तुमच्या प्रश्नावरचा उपाय नाही, उलट या घडीला तो धोका आहे. लोड टेस्ट म्हणजे ठरलेल्या क्षमतेपेक्षा थोडं जास्त वजन उचलून पाहणं. बंदरकामासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांनुसार २० टनांपर्यंतच्या यंत्राला २५ टक्के जास्त, २० ते ५० टनांपर्यंत ५ टन जास्त आणि त्यापुढे १० टक्के जास्त वजन लावतात. या हिशेबाने तुमच्या ४० टनी क्रेनला ४५ टन. यातून ब्रेक धरतो का, होइस्ट उचलतो का, गर्डर वाकून परत जागेवर येतो का, एवढं कळतं. त्या दिवशी, त्या एका उचलीला क्रेन पडली नाही, इतकंच ते सर्टिफिकेट सांगतं. भरलेली बंडी एकदा चढावर ओढून दाखवली म्हणून तिच्या कण्याला चीर नाही, असं कोणी शेतकरी म्हणणार नाही. वीतभर तडा पोटात घेऊन क्रेन लोड टेस्ट पास होऊ शकते, आणि तसं होताना मी पाहिलं आहे.

लोड टेस्ट स्वतःच जोखमीचं काम आहे, हेही विसरू नका. १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये ७० टनी क्रेन चाचणी चालू असताना कोसळली आणि ११ माणसं गेली. म्हणून ज्या स्ट्रक्चरमध्ये तडा असल्याची शंका आहे, तिथे आधी तडा शोधायचा, दुरुस्त करायचा, आणि सगळ्यात शेवटी वजन लावायचं. तेही खालचा आणि आजूबाजूचा पट्टा रिकामा करून, वजन जमिनीपासून जेमतेम वर ठेवून.

मग क्रेनचं स्ट्रक्चर नेमकं कशाने खराब होतं? जास्त वजनाने ते एकदम मोडतं, असं फार क्वचित घडतं. ते फटीगने जातं. प्रत्येक कंटेनर उचलला की पोलादात ताण वाढतो, ठेवला की उतरतो. हे लाखो वेळा झालं की वेल्डच्या कडेला, जिथे आकार अचानक बदलतो तिथे, केसाएवढी चीर जन्म घेते. आयुष्याचा बराच मोठा भाग ती डोळ्यांना दिसत नाही. दिसू लागल्यावर मात्र तिची वाढ वेगाने होते, कारण तडा जितका लांब, तितका त्याच्या टोकावरचा ताण जास्त. त्यामुळे ‘गेल्या वर्षी इथे काही नव्हतं’ या वाक्याचा दिलासा वाटून घेऊ नका. गेल्या वर्षी नव्हता आणि आज बोटभर आहे, याचा अर्थ तो पळतो आहे.

डिझाइन करताना या फेऱ्यांचा हिशेब धरलेला असतो. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत क्रेनला वापराचा वर्ग देतात: यू ५ म्हणजे ५ लाख फेऱ्यांपर्यंत, यू ६ म्हणजे १० लाख, यू ७ म्हणजे २० लाख, यू ८ म्हणजे ४० लाख. तुमच्या क्रेनच्या मूळ ड्रॉइंगवर किंवा डिझाइन कॅल्क्युलेशनच्या पहिल्याच पानावर हा वर्ग लिहिलेला असेल, तो शोधा. मग हिशेब करा. समजा बंदरात ती दिवसाला २०० कंटेनर उचलत होती आणि वर्षाचे ३०० दिवस चालली, तर २० वर्षांत १२ लाख फेऱ्या झाल्या. क्रेन यू ६ ची असेल तर तिचं हिशेबातलं आयुष्य नागपूरला येण्याआधीच संपलं होतं. हे २०० आणि ३०० मी उदाहरणासाठी घेतले आहेत, खरे आकडे तुम्हाला जुन्या मालकाकडून काढावे लागतील. पॅनेलवरच्या अवर मीटरवर विसंबू नका. पीएलसी, म्हणजे क्रेनचा कंट्रोलर, किंवा मोटरचे ड्राइव्ह बदलले की तो मीटर शून्यापासून सुरू होतो आणि त्याची नोंद कोणी ठेवत नाही.

आणखी एक बारकावा आहे, तो बऱ्याच इंजिनिअरांच्याही लक्षात येत नाही. एक कंटेनर म्हणजे प्रत्येक जोडाला एकच फेरी, असं नसतं. भरलेली ट्रॉली एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते तेव्हा पायाच्या जोडावरचा ताण चढतो-उतरतो. गॅन्ट्री सुरू होताना आणि थांबताना तोच जोड आडव्या धक्क्याने पुन्हा वाकतो. म्हणून गर्डरच्या मधोमध सगळं ठीक असताना पायाच्या जोडाला तडा जाणं, हे अजिबात विचित्र नाही.

वजनाचा परिणाम तर याहून मोठा आहे. वेल्डेड पोलादात फटीगचं नुकसान ढोबळमानाने ताणाच्या तिसऱ्या घाताने वाढतं. ताण २५ टक्क्यांनी वाढला तर नुकसान जवळजवळ दुप्पट, ताण दुप्पट झाला तर आठपट. आता आपल्या भागातून काय जातं ते बघा: तांदूळ, फेरोअलॉय, स्टील. म्हणजे जड माल. २० फुटी कंटेनरचं कमाल एकूण वजन ३०.४८ टन असतं आणि असा माल भरणारा त्या मर्यादेच्या जवळपास भरतो, कारण भाडं कंटेनरचं असतं. बंदरात रिकामे, हलके, जड सगळे मिसळून येतात. तुमच्या यार्डात जड कंटेनरांचं प्रमाण जास्त असेल, तर त्याच क्रेनचं आयुष्य इथे बंदरापेक्षा वेगाने झिजेल. याचा अंदाज घ्यायला तुमच्याकडे चांगलं साधन आहे. १ जुलै २०१६ पासून निर्यातीच्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन जाहीर करणं बंधनकारक आहे. ती पडताळलेल्या वजनाची, म्हणजे व्हीजीएमची, नोंद तुमच्या ऑफिसात पडून असेल. गेल्या तीन-चार वर्षांची एक्सेल फाइल काढा, ५-५ टनांचे गट पाडा, प्रत्येक गटात किती कंटेनर आले ते मोजा. एका संध्याकाळचं काम आहे, आणि क्रेनचं उरलेलं आयुष्य मोजणाऱ्या डिझाइनरला पहिल्यांदा हाच तक्ता लागतो.

आता प्रत्यक्ष त्या रेघेकडे येऊ. तडा हलत असतो. वजन आलं की फट उघडते, उतरलं की मिटते, आणि त्यात शिरलेल्या पाण्यातून तांबूस-तपकिरी गंज बाहेर पाझरतो. म्हणून रंग शाबूत दिसत असताना मधेच एक बारीक गंजाची रेघ, आणि तिच्याखाली ओघळ, हे तड्याचं लक्षण समजायचं. साधा गंज रंग फुगवतो, पापुद्रे काढतो. तो धारदार रेघ काढत नाही. एका बंदरावर अशीच एक बोटभर रेघ मी पाहिली होती. आजूबाजूचा रंग हाताच्या तळव्याएवढ्या जागेतून ग्राइंडरच्या वायर ब्रशने काढला, पांढऱ्या कॉन्ट्रास्ट पेंटचा पातळ हात दिला, चुंबकीय योक लावून काळी शाई फवारली. काळी रेघ वेल्डच्या कडेने सरकत सरकत वीतभर गेली, आणि तिथे न थांबता कोपरा वळून शेजारच्या प्लेटमध्ये उतरली. बाहेर दिसत होता तो तड्याचा शेवट होता. त्याची सुरुवात आतल्या डायफ्रामच्या, म्हणजे गर्डरच्या पोटातल्या आडव्या प्लेटच्या, वेल्डमध्ये होती. त्यामुळे बाहेरून जेवढं दिसतं तेवढाच तडा, असं धरून दुरुस्तीचं कोटेशन घेऊ नका.

तपासणी कोणत्या पद्धतीने करायची? पृष्ठभागावरच्या तड्यासाठी मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट, म्हणजे वर सांगितलेली योक आणि काळ्या शाईची एमपीटी, हीच माझी पहिली निवड. ठेकेदार बहुधा डाय पेनिट्रंटची, म्हणजे तड्यात रंग शिरवून तो दाखवणारी, लाल-पांढरी बाटली घेऊन येईल, कारण ती स्वस्त आहे आणि वीज लागत नाही. ती पद्धत वाईट नाही, पण आपल्याकडे मे महिन्यात तिची एक मोठी अडचण होते. नेहमीची पेनिट्रंट टेस्ट साधारण ५ ते ५२ अंश तापमानाच्या धातूसाठी ठरवलेली आहे. नवतपात दुपारी दोन वाजता उन्हात तापलेल्या गर्डरला हात लावून बघा, टेकवत नाही. ६० अंशांच्या पुढे गेलेल्या प्लेटवर लाल रंग तड्यात शिरण्याआधीच सुकतो, आणि रिपोर्टवर ‘कोणताही दोष आढळला नाही’ असं येतं. म्हणून पेनिट्रंट करायचीच असेल तर पहाटे करा, प्लेटचं तापमान थर्मामीटरने मोजा आणि ते रिपोर्टमध्ये लिहायला लावा. रंग पूर्ण खरवडलेला हवा, आणि शॉट ब्लास्ट किंवा जोरदार ग्राइंडिंग करून तड्याचं तोंड बुजवलेलं नको.

आतली बाजू तपासल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. बॉक्स गर्डरच्या, म्हणजे आतून पोकळ गर्डरच्या, मॅनहोलमधून आत जावं लागेल. ती बंदिस्त जागा आहे, तेव्हा आधी दोन्हीकडची झाकणं उघडून वारा खेळू द्या, ऑक्सिजन मोजा, बाहेर एक माणूस सतत उभा ठेवा आणि परमिट काढा. उन्हाळ्यात हे काम सूर्योदयाच्या आसपास सुरू करून ऊन चढायच्या आत संपवा. आत भट्टीसारखं तापतं आणि माणूस घेरी येऊन पडला तर त्या छोट्या भोकातून त्याला बाहेर काढणं फार कठीण जातं. आत गेल्यावर ट्रॉलीच्या रेलखालचे डायफ्राम, स्टिफनरची (प्लेट ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांची) टोकं, आणि तुमच्या त्या पायाच्या रेषेतल्या प्लेटांचे कोपरे बघा. तळाशी पाणी किंवा गाळ साठला आहे का, निचऱ्याची भोकं बुजली आहेत का, तेही बघा. किनाऱ्यावर वर्षानुवर्षं खारा वारा खाल्लेली क्रेन आतून पातळ झालेली असू शकते आणि बाहेर रंगाचे तीन हात असतात. अल्ट्रासॉनिक गेजने प्लेटची जाडी घ्या आणि ड्रॉइंगवरच्या जाडीशी ताडून बघा.

याच तपासणीत एका प्रश्नाचं उत्तर मिळवायचं आहे, माझ्या मते तुमच्या प्रकरणात तोच सगळ्यात मोलाचा आहे: तडा मूळ कारखान्यातल्या वेल्डमध्ये आहे, की नागपूरला आणताना कापून पुन्हा जोडलेल्या साइट वेल्डमध्ये? दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा होतो. साइट वेल्ड उंचावर, वाऱ्यात, कधी उलट्या हाताने झालेला असतो. त्याच्या मुळाशी अर्धवट वितळलेला भाग राहिला असेल तर तडा तिथून निघतो. तसं असेल तर तसे सगळे साइट जोड, चारही पायांचे, अल्ट्रासॉनिकने तपासा, कारण ते त्याच लोकांनी त्याच दिवसांत केलेले असणार. त्या वेल्डचे कागद मागा: कोणती पद्धत, वेल्डरची परीक्षा, तेव्हाचे रेडिओग्राफी किंवा अल्ट्रासॉनिकचे रिपोर्ट. कागद नसतील तर वेल्ड तपासलाच नाही, असं समजून चला. पण तडा मूळ वेल्डमध्ये असेल, तर क्रेनचं फटीग आयुष्य संपत आल्याची ती खूण आहे. मग हा एक तडा बुजवून भागणार नाही. त्याच जातीचे बाकीचे जोडही रांगेत उभे आहेत.

समुद्र नाही म्हणून नियम सैल, या म्हणण्याकडे आता वळतो. खारा वारा इथे नाही, मान्य. पण विदर्भाच्या स्वतःच्या तीन गोष्टी आहेत.

पहिली आपली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. क्रेनच्या रेलखालचा पाया खोल, मुरुमाच्या किंवा खडकाच्या थरावर नेलेला नसेल, तर रेल दर ऋतूत वर-खाली होते, तीही दोन्ही बाजूंना सारखी नाही. चार पायांच्या क्रेनचा एक कोपरा काही मिलिमीटर खाली गेला की त्याच्यावरचं वजन कमी होऊन शेजारच्या दोन कोपऱ्यांवर जास्त येतं आणि पोर्टल, म्हणजे पाय आणि गर्डरची चौकट, पिळला जातो. हा पीळ डिझाइनरने मोजलेला नसतो. तो सगळ्यात आधी बसतो पाय आणि गर्डरच्या जोडावर, म्हणजे तुमची रेघ आहे तिथेच. त्यामुळे तडा दुरुस्त करण्याआधी रेलचा सर्व्हे करा: दर काही मीटरवर दोन्ही रेलची लेव्हल, दोन रेलमधलं अंतर, सरळपणा. एकदा मृग लागण्यापूर्वी जमीन कोरडी ठाक असताना, आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास ती पाणी पिऊन फुगलेली असताना. दोन्ही मापं शेजारी ठेवली की जमीन काय करते ते स्पष्ट दिसतं. बरोबरीने चाकांच्या फ्लँज, म्हणजे रेलला धरणाऱ्या कडा, बघा. एकाच बाजूची फ्लँज घासून चकचकीत झाली असेल तर क्रेन तिरपी चालते आहे, आणि त्या तिरपेपणाचा आडवा जोर जोडालाच सोसावा लागतो.

दुसरी गोष्ट तापमान. पोलाद दर मीटरला, दर अंशाला ०.०१२ मिलिमीटर वाढतं. ३० मीटर स्पॅनचा गर्डर डिसेंबरच्या पहाटे १० अंशांवर आणि मे महिन्याच्या दुपारी ६० अंशांवर धरला, तर लांबीत १८ मिलिमीटरचा फरक पडतो. मोठ्या स्पॅनच्या क्रेनला म्हणूनच बहुधा एक पाय ताठ आणि दुसरा लवचिक किंवा पिनवर ठेवलेला असतो, म्हणजे ही वाढ सामावली जाते. तुमच्या क्रेनची पिन गंजून जॅम झाली असेल, किंवा पुन्हा उभी करताना कोणी ‘मजबूत व्हावं’ म्हणून तिथे प्लेट वेल्ड केली असेल, तर हा १८ मिलिमीटरचा सगळा जोर जोड वाकवतो. ती पिन नक्की बघा, मोकळी फिरते का ते बघा.

तिसरी गोष्ट वारा, आणि इथे मॅनेजरसाहेबांना एक आकडा दाखवा. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याच्या मूळ वेगाचा तक्ता आहे. त्यात मुंबईला ४४ मीटर प्रतिसेकंद दिले आहेत, आणि नागपूरलाही ४४. पुण्याला ३९ आहेत. समुद्र नसला तरी एप्रिल ते जूनमधल्या आपल्या वादळी सरी काय करतात, हे उडालेली पत्र्याची छपरं आणि आडवे पडलेले होर्डिंग बघून नागपूरकरांना माहीत आहे. बंदरावर चक्रीवादळाची सूचना एक-दोन दिवस आधी मिळते. इथे ढग उठल्यापासून धूळ अंगावर येईपर्यंत कधी कधी अर्धा तासही मिळत नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: २० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ७२ किलोमीटर ताशी, या वेगाला जो दाब असतो त्याच्या जवळजवळ पाचपट ४४ ला होतो. ब्रेक लावलेली पण न बांधलेली क्रेन अशा वाऱ्यात रेलवरून घसरत जाते, टोकाच्या स्टॉपरवर आदळते आणि उलटते. सप्टेंबर २००३ मध्ये कोरियाच्या बुसान बंदरात मेमी वादळाने ११ कंटेनर क्रेन निकामी केल्या. बांधून ठेवण्याची यंत्रणा वाऱ्यापुढे तोकडी पडली की एवढ्या अवाढव्य क्रेनही पडतात.

म्हणून तुमच्या यार्डात तीन गोष्टी हव्यात. गर्डरवर चालू स्थितीतला वाऱ्याचा मीटर, ज्याचा अलार्म केबिनमध्ये आणि खाली दोन्हीकडे वाजतो. स्टॉर्म पिनच्या खड्ड्यात माती-खडी न भरलेली, आणि पिन हाताने सहज खाली जाणारी. मी बघितलेल्या कितीतरी यार्डांत तो खड्डा कचऱ्याने बुजलेला असतो. आणि हवामान खात्याच्या नागपूर केंद्राचा पुढच्या तीन तासांचा अंदाज, म्हणजे नाऊकास्ट, शिफ्ट सुपरवायझरच्या मोबाइलवर, सोबत लेखी सूचना: इशारा आला की क्रेन पिनच्या जागेवर न्यायची. वारा सुटल्यावर समोरून येणाऱ्या झोतात ती चालवत नेणं मोटरला झेपेलच असं नाही.

आता दुरुस्ती. तड्यावरून वेल्डचा एक थर ओढून वर प्लेट चिकटवणं, हे ठेकेदाराचं म्हणणं तुम्ही स्पष्ट नाकारा. खालचा तडा जागच्या जागी राहतो, फक्त दिसेनासा होतो. शिवाय प्लेटच्या कडेने नवा वेल्ड, म्हणजे तडा जन्मायला नवी जागा. जास्त ताकदीचं पोलाद वापरू, हाही उपाय नाही, कारण वेल्डेड जोडाची फटीग ताकद पोलादाच्या ग्रेडने फारशी वाढत नाही, ती जोडाच्या आकारावर ठरते.

योग्य क्रम असा. आधी एमपीटीने तड्याची दोन्ही टोकं शोधायची आणि टोकाच्या थोडं पुढे भोक पाडायचं, म्हणजे खरवडताना तो पुढे पळत नाही. जोडावरचा भार कमी करायला खालून आधार द्यायचा. त्याचं डिझाइन इंजिनिअरने करावं, अंदाजाने ओंडके लावू नयेत. मग गाउजिंग (धातू वितळवून खोदणं) आणि ग्राइंडिंग करून तडा पूर्ण काढायचा आणि तो खरंच संपला का, हे पुन्हा एमपीटीने पाहायचं. ही मधली तपासणी बहुतेक ठेकेदार गाळतात. तुम्ही तिथे उभे राहा, शाई फवारलेली स्वतः बघा आणि मगच पुढे जाऊ द्या. त्यानंतर प्लेटच्या जाडीप्रमाणे प्रीहीट (वेल्डआधी प्लेट तापवणं), ७०१८ जातीचे लो हायड्रोजन इलेक्ट्रोड, ओव्हनमध्ये भाजलेले आणि वेल्डरच्या हाताशी गरम डब्यात ठेवलेले. पाकीट फोडून सकाळपासून उघड्यावर पडलेला रॉड पावसाळी हवेत ओल पितो आणि हायड्रोजनमुळे वेल्ड झाल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, नवी चीर जाते. त्याच कारणाने शेवटची तपासणी वेल्ड झाल्या झाल्या करू नका, ४८ तास जाऊ द्या. वेल्डची कड ग्राइंड करून गुळगुळीत, जोडाशी हळूच मिळणारी करा. फटीगच्या दृष्टीने हे साधं काम फार फायद्याचं आहे. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी शेजारी लावा. तो खाली रेलला किंवा चाकांच्या बोगीला लावला, तर करंट चाकांच्या बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतात. महिनाभराने चाकातून आवाज येऊ लागल्यावर कोणाला त्याचं कारण आठवत नाही.

एक सवय यार्डातून कायमची काढून टाका: क्रेनच्या गर्डरला आणि पायांना केबल ट्रे, फ्लडलाइट, बोर्ड यांच्यासाठी वाटेल तिथे क्लीट (छोटे धरपट्टे) वेल्ड करणं. बोटभर टॅक वेल्डही ताणाच्या भागात तड्याची सुरुवात करू शकतो. क्लॅम्पने बसवा, वेल्ड नको.

दुरुस्ती झाली की मगच ४५ टनांची लोड टेस्ट. गर्डर मधोमध किती वाकतो आणि वजन उतरल्यावर पूर्ण परत येतो का, ते मोजून नोंदवा. मार्चच्या टेस्टमधला आकडा असेल तर त्याच्याशी ताडा. नंतर तोच जोड आठवड्याने, महिन्याने आणि तीन महिन्यांनी एमपीटीने बघा. तडा परत आला, तर कारण अजून तिथेच आहे: रेल, पिन, वजन किंवा संपलेलं आयुष्य. मग वेल्डर बदलून उपयोग नाही. डिझाइनर बोलवा.

कायद्याचं थोडक्यात. कारखान्यांसाठी १९४८ च्या अधिनियमाच्या कलम २९ मध्ये उचल यंत्रांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून सखोल तपासणी सांगितली होती. बंदरांसाठी १९८६ चा डॉक कामगार सुरक्षा कायदा आणि १९९० चे त्याचे नियम होते, त्यात वार्षिक तपासणी आणि पाच वर्षांनी लोड टेस्ट. हे दोन्ही कायदे आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावले आहेत, आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तुमच्या डेपोला त्यातलं नेमकं काय लागतं, ते तुमच्या नोंदणीवर ठरेल, तेव्हा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नागपूर ऑफिसात विचारून घ्या. पण कायदा सांगतो ते किमान आहे. सखोल तपासणी म्हणजे माणूस वर चढला पाहिजे, मॅनहोल उघडलं पाहिजे. तुमच्या मार्चच्या सर्टिफिकेटमागे कोणी गर्डरच्या आत गेलं होतं का, हे ऑपरेटरला विचारा, तो खरं सांगेल. बंदराच्या जुन्या क्रेनना मी याशिवाय ठरावीक काळाने स्वतंत्र स्ट्रक्चरल सर्व्हे सुचवतो: महत्त्वाच्या जोडांचा नकाशा, प्रत्येकाला नंबर, आणि दर वेळी त्याच जागेची त्याच पद्धतीने एमपीटी.

क्रेन बंद असताना काम थांबू नये म्हणून रीच स्टॅकर, म्हणजे पुढच्या हाताने कंटेनर उचलणारी गाडी, भाड्याने आणाल, तेव्हा यार्डाची फरशी आधी बघा. भरलेला कंटेनर पुढे धरल्यावर त्याच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर सुमारे १०० टन येतात. गॅन्ट्रीखालची जागा या भाराच्या हिशेबाने बहुधा बांधलेली नसते, आणि पावसाळ्यात खाली काळी माती असेल तर पॅनेल खचायला वेळ लागत नाही. रीच स्टॅकरसाठी पक्क्या फरशीचा एक मार्ग आखून द्या आणि क्रेनच्या रेल त्याला ओलांडू देऊ नका.

व्यवस्थापनाला हे सगळं लेखी द्या: रेघेचा फोटो शेजारी स्केल ठेवून, क्रेन थांबवल्याची तारीख आणि वेळ, करायच्या तपासण्या, त्यांचा अंदाजे खर्च. एमपीटी आणि अल्ट्रासॉनिकची माणसं बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीच्या पट्ट्यात मिळतात. त्यांच्याकडे लेव्हल २ चं वैध प्रमाणपत्र आहे का, ते आधी बघा. तड्याची टोकं मिळाली आणि रेलची लेव्हल घेऊन झाली की मापं पाठवा, पुढचं त्यावर सांगता येईल. गर्डरच्या आतले फोटो काढताना टॉर्च प्लेटला जवळजवळ चिकटवून तिरका धरा. समोरून मारलेल्या उजेडात बारीक तडा दिसत नाही.